मधली फळी

मित्रांनो, मी एक जुनी जाळीची पेटी आहे, आणि माणसांविषयी माझे मत फारसे चांगले नाही.

१९५८ साली मुकुटबनच्या एका मुलींच्या शाळेसाठी सुताराने मला सागाच्या लाकडातून घडवले. विज्ञान शिकवणाऱ्या कोकिळाबाईंनी माझ्या मधोमध एक फळी बसवून घेतली. एका भागात कोरडी वाळू, एक फांदी आणि खिडकीचे ऊन. तिथे सरडा राहायचा. दुसऱ्या भागात ओली माती आणि पालापाचोळा, तिथे सापसुरळी. एकाला मानवते ते दुसऱ्याला मारते, एवढे साधे कारण त्यामागे होते. मुली नाकतोडे आणत, माझे कौतुक करत. ते दिवस बरे होते.

श्रावणात सापसुरळीने अंडी घातली आणि त्यांच्याभोवती अंग वळवून ती बसून राहिली. पिल्ले बाहेर येताना मुलींनी डोळ्यांनी पाहावीत, हा कोकिळाबाईंचा ध्यास होता.

तेवढ्यात तपासणीला साहेब येणार अशी वर्दी आली. हेडमास्तर सदाशिवराव घरचे मोठे शेतकरी. गोठ्यातले शहाणपण ते शाळेत वापरत. साहेबांना पेटी भरलेली दिसावी म्हणून त्यांनी तांड्यावरच्या प्रेमसिंगकडून हातभर लांबीची घोरपड आणवली आणि शनिवारी शाळा सुटल्यावर माझी फळी उपटली.

"सर, घोरपड अंडी खाते. या दोघांनाही खाईल," कोकिळाबाई म्हणाल्या.

"कायले खाते? आमच्या गोठ्यात बैल, बकऱ्या, कोंबड्या एकाच छपराखाली राह्यतात. अजून कोनी कोनाले खाल्लं नाही."

"बैल कोंबडी खात नाही, सर."

"तुम्ही लय शिकल्या ना बाई, म्हनून तुमाले भेव वाटते. प्रेमसिंग, सोड रे आत."

"मले तं फक्त आनाले सांगतलं होतं, मास्तर," म्हणत प्रेमसिंगने घोरपडीला बांधलेला दोर त्यांच्याच हाती दिला. सदाशिवरावांनी घोरपड आत सोडली, मला कुलूप लावले आणि किल्ली खिशात टाकली.

सोमवारी साहेब आले. घोरपड पोट टेकून सुस्त पडली होती. सापसुरळीची तुटलेली शेपटी पाचोळ्यात होती. सरड्याचे तेवढेही उरले नव्हते.

"पाहा साहेब, किती शांततेनं राह्यतात," सदाशिवराव म्हणाले.

साहेबांनी मान डोलावली. पेटीत एकच प्राणी होता, आणि दोघांनाही मोजता येत होते, असे ऐकले आहे.

ते गेल्यावर कोकिळाबाईंनी माती बोटांनी चाळली. तळाशी एक अंडे शाबूत सापडले. फिरवले तर आतला जीव मरतो, म्हणून ते न फिरवता, होते तसेच उचलून त्यांनी ओल्या मातीच्या बरणीत ठेवले. काही आठवड्यांनी ते फुटले. मुली श्वास रोखून बघत होत्या. सदाशिवरावही आले.

"आता ह्याले घोरपडीजवळ ठेवा. लहानपनापासून सवय लागते."

"आधी तुमचं बोट ठेवून पाहा, सर. तुमची तर ओळख आहे तिच्याशी."

मुली खो-खो हसल्या. कोकिळाबाईंनी बरणी पदराआड घेतली आणि पिल्लू कुंपणापलीकडच्या पाचोळ्यात सोडून दिले.

मित्रांनो, दोन जातींचे प्राणी पाळायचे तर दोन घरे करा. जागा नसेल तर एकच पाळा. तेही जमत नसेल तर काहीच पाळू नका. घोरपडीला निदान भूक लागली होती. तुम्ही कोणती सबब सांगणार?