दोन क्रेडिटची मुलाखत

अभ्यासक्रमाचं नाव भारदस्त होतं, 'सामाजिक विविधता आणि समता'. क्रेडिट दोनच, पण त्यांच्यावाचून शेवटच्या वर्षाच्या कुणालाही पदवी मिळणार नव्हती. कर्वेनगरच्या त्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकणाऱ्या मुलांनी नाकं मुरडली. मग वासंती मॅडमनी सोपा प्रकल्प दिला. आपल्याहून वेगळ्या जातीच्या कुणाची तरी मुलाखत घ्यायची. वर्ग खूश झाला आणि झाडून सगळ्यांनी मागच्या बाकावरच्या पायल ओव्हाळकडे वळून पाहिलं.

पायलला आधी गंमत वाटली. कँटीनमध्ये रोज कुणी ना कुणी तिला वडापाव खिलवायचं आणि चेहरा पाडून विचारायचं, "तुला पहिल्यांदा कधी जाणवलं गं?" तिचे वडील पाटबंधारे खात्यात इंजिनिअर. सरकारी क्वार्टर्समध्ये वाढलेल्या पोरीचं मोठं दुःख म्हणजे गणिताची शिकवणी.

"थोडं इंटेन्स काही नाही का?" सलिल हिरमुसला. "मॅडम मार्क कापतील यार."

"शिकवणी इंटेन्सच होती," पायल म्हणाली.

सांगण्यासारखं एक होतं. कॉलेजसाठी पुण्यात तिला भाड्याने ठरत आलेला एक फ्लॅट आडनाव ऐकताच 'आत्ताच गेला' होता. पण ते तिने कुणाला सांगितलं नाही. वडापाववर देऊन टाकावं असं ते नव्हतं.

मग मुलाखत घ्यायची तिची वेळ आली. ती शनिवार पेठेत मैत्रिणीकडे, ऋचाकडे गेली. ऋचाची आई मोठ्या मुलासाठी फोनवर स्थळ बघत होती. "देशस्थ असली तरी चालेल हो, पण आपल्यातली हवी." फोन ठेवून त्या गोड हसल्या. "मुलाखत कसली गं? आम्ही जातबीत मुळीच मानत नाही. पोहे घे."

"मग आत्ताचा फोन, काकू?"

"ते आपलं लग्नापुरतं."

ऋचा म्हणाली, तिच्याकडे सांगण्यासारखं खरंच काही नाही. वर्गातला अर्णव म्हणाला, त्यांच्यात तसलं काही नसतं. सलिलने तर 'मी फक्त माणूस आहे' असं लिहून घ्यायला सांगितलं.

शेवटच्या दिवशी पायल रिकाम्या हाताने मॅडमच्या टेबलापाशी उभी राहिली.

"तुझाच प्रकल्प राहिला? तुझ्याकडून तर माझ्या किती अपेक्षा होत्या!"

"मॅडम, अख्ख्या वर्गात जात असलेली मी एकटीच निघाले."

मॅडम हसल्या. पायल हसत नाही हे पाहून थांबल्या.

"तुम्हीच द्या ना मुलाखत," पायल खुर्ची ओढून बसली. जुलैत हिंजवडीत नोकरीवर रुजू व्हायचं होतं आणि पदवी या बाईंच्या हातात होती. पण रागही काही कमी आलेला नव्हता. "तुमची जात तुम्हाला पहिल्यांदा कधी जाणवली?"

"अगं, आमच्या घरी तो विषयच कधी निघाला नाही."

"का नाही निघाला?"

इतकी वर्षं हाच विषय शिकवणाऱ्या मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग गुणपत्रक पुढे ओढलं.

"हे बघ, तुला मी पास करते. मुलाखत राहू दे."

पायलला पदवी हवी होती. ती उठली.

बाहेर सगळे निकालाची वाट बघत होते. मुलाखतीवाचून पास झाली म्हटल्यावर सलिलने तिच्या पाठीवर थाप मारली.

"तुमचं बरं असतं यार," तो म्हणाला. "इथेही सवलत."