चौऱ्याण्णवांतला अमोघ

नांद्यातल्या केशरबाईंकडे भाड्याच्या दोन खोल्या होत्या आणि एक रिवाज होता. नवा भाडेकरू आला की त्या आधी त्याच्या जुन्या घरमालकिणीला फोन लावायच्या. कागदावर सगळेच सज्जन असतात. खरं काय ते घरमालकीणच जाणे, असं त्यांचं रोखठोक मत.

लेकीचा, गौतमीचा इंजिनिअरिंगचा फॉर्म आज संध्याकाळपर्यंत भरायचा होता. नवरा सोपान जवळच्या कॉलेजची जाहिरात घेऊन बसला होता.

"चौऱ्याण्णव टक्के पोरांना नोकरी! आन् कराडला एकसष्टच. आता यात इचार कसला करायचा?"

गौतमीला कराडच हवं होतं. तिथली प्रयोगशाळा बघून आल्यापासून ती दुसरं काही बोलतच नव्हती.

केशरबाईंना त्या आकड्यातली मेख ठाऊक होती. त्या चौऱ्याण्णवांतला एक, अमोघ, त्यांच्याच खोलीत आठ महिने पडून होता. नोकरीचं पत्र हातात, पण कंपनीचं बोलावणं काही येईना. सोपान बापडा समजायचा, पोरगा घरून काम करतोय. केशरबाईंनी त्याचा समज मोडला नाही. जवळचं कॉलेज म्हणजे गौतमी रोज संध्याकाळी घरी. थोरला सिद्धांत बंगळूरला गेल्यापासून घर खायला उठत होतं; आता हीसुद्धा गेली तर बोलायचं कुणाशी, भिंतींशी?

पण रिवाज तो रिवाज. काहीतरी वाईट कानावर पडेल या आशेनं त्यांनी कराडच्या कॉलेजसमोर खोल्या देणाऱ्या सुलक्षणाबाईंचा नंबर मिळवला.

"नोकरी समद्यांस्नी लागत न्हाई, ताई," सुलक्षणाबाई म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू? पर पोरी सुट्टीच्या दिवशीबी प्रयोगशाळेत असत्यात. जेवायला हाका मारून आणाव्या लागत्यात."

केशरबाईंना नेमकं हेच ऐकायचं नव्हतं. फोन कानाला तसाच धरून त्यांनी सोपानला अमोघची सगळी हकिकत सांगून टाकली.

"मंग आदी का न्हाई बोललीस?"

"मला पोरगी घरात हवी हुती. म्हनून."

दारात उभी राहिलेली गौतमी रडायलाच लागली.

"ताई, हायसा का?" सुलक्षणाबाई विचारत होत्या. "पोरीचा नंबर लागला तर खोली ठिवू?"

"ठिवा," केशरबाई म्हणाल्या. "आन् एक गादी जादा ठिवा. मला हितं करमायचं न्हाई."