सांग तुझ्या बापाला

"सांग तुझ्या बापाला, पाटाला पाणी जास्त झालंय म्हणावं!" बांधावरच्या पाटीत बसलेल्या लेकीकडं बघून आई कडाडली.

बाप खोरं टाकून आला, तोही लेकीपुढंच वाकला. "तुझ्या आईला सांग, शेत मला कळतं. तिनं गुमान कांद्याची रोपं लावावीत!"

दहा महिन्यांची पोर ती, निरोप कुठं पोचवणार? तिनं डोळे घट्ट मिटले.

त्यानं न विचारता बायकोची माहेरची कालवड विकली, तेव्हापासून चार महिने दोघांत अबोला. पण संसाराला अबोला परवडतो होय? मग सगळं बोलणं पोरीच्या मार्फत. शब्द एकमेकांसाठी, रागाचं तोंड मात्र तिच्यापुढं. वड्याचं तेल वांग्यावर!

रोपं लावायला नवऱ्याची आत्या आली होती. तिनं पोरीला उचललं. "सांग गं सोने, भूक लागली?"

'सांग' ऐकताच पोरीनं मान फिरवली. रडलीसुद्धा नाही.

"ही कुणाकडंच बघत नाही, आत्याबाई," आईचा आवाज चिरकला. "हसत नाही. डोक्यात काही कमी तर नसेल ना हो?"

"अक्कल तुमच्या दोघांची चरायला गेलीय! चार महिन्यांत हिच्याशी हिचं म्हणून एक तरी वाक्य बोललात?"

आईनं आठवून आठवून बघितलं, एकही सापडेना.

तेवढ्यात बांध फुटला. पाणी रोपं उपटत निघालं, आणि नवरा पलीकडं पाठमोरा. "सांग तुझ्या..." सवयीनं ती लेकीकडं वळली. पोरीनं आधीच डोळे मिटून घेतले होते.

जळला मेला तो मान! "अहो!" ती नवऱ्यावर ओरडली. "बांध फुटलाय, आंधळे झालात का?"

तो दचकून वळला. "दिसतंय! माती ओढ इकडं, तोंड काय चालवतेस!"

"चालवणारच! कालवड विकताना विचारलं होतं मला?"

"चुकलं माझं! आता ते खोरं दे!"

गुडघाभर चिखलात दोघं भांडत भांडत बांध घालत राहिले. आत्याच्या कडेवर पोरीनं एक डोळा उघडला, मग दुसरा. ओरडणं चाललं होतं, पण तिच्या तोंडावर कुणी ओरडत नव्हतं.

पाणी अडलं. अर्धा वाफा गेला तो गेलाच. चिखलानं माखलेली आई लेकीपुढं येऊन बसली. आज निरोप नव्हता, आणि दुसरं काही सुचेना. "अगं..." एवढंच म्हणाली, नि तिला रडू आलं, हसूही आलं.

पोर हसली नाही. पण तिनं डोळेही मिटले नाहीत. आई पुढं काय म्हणते याची वाट बघत ती तिच्या तोंडाकडं बघत राहिली.