गिरमिटाचं टोक

गिरमिटाच्या टोकाला बर्फाचा भुगा चिकटला होता, आणि त्यात कोळंबीचा एक गुलाबी तंतू... शीतगृहातल्या म्हाताऱ्या निवारणनं ते कोळंबीच्या गोठलेल्या लादीतून ओढून काढलं आणि नेहमीसारखं पुढे धरलं. गोठलेल्या मालात गिरमिट फिरवलं की लोखंड तापतं, त्या उबेनं आतला वास क्षणभर जागा होतो. तेवढ्यात ओळखला तर ओळखला. श्यामकांतनं टोक नाकाजवळ नेलं, डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला. आत थंडी गेली. नुसती थंडी.

डोळे मिटणं म्हणजे शुद्ध नाटक होतं. चार महिन्यांपूर्वी याच शीतगृहात अमोनियाची नळी फुटली, तेव्हा तोंडावर रुमाल धरून तो बाहेर धावला होता. दोन दिवस डोळ्यांतून पाणी गळलं, तिसऱ्या दिवशी डोळे बरे झाले आणि नाक गेलं. उदबत्ती नाही, फोडणी नाही, कलकत्त्याच्या खिदिरपूर गोदीतला डांबराचा वास नाही. आणि नाकावर तर त्याचं पोट. अमेरिकेला जाणारी कोळंबी बोटीवर चढण्याआधी श्यामकांत निरगुडकर ती हुंगणार आणि दाखल्यावर सही करणार, हीच त्याची नोकरी. गोऱ्या साहेबानं त्याला निवडलं ते मासे न खाणारा म्हणून. ‘खाणाऱ्याचं नाक माफ करतं,’ साहेब म्हणाला होता, ‘न खाणाऱ्याचं करत नाही.’ आणि खरंच, काय नाक होतं ते! पेटी उघडायच्या आधी तो मान हलवायचा, आणि भलेभले पुरवठादार त्याच्यासमोर चळचळा कापायचे. त्या कापण्याची त्याला गोडी लागली होती, हे त्यानं कधी नाकारलं नाही, निदान स्वतःशी.

तर गेले चार महिने तो डोळे मिटत होता आणि लगेच किलकिले करून निवारणकडे पाहत होता. गिरमिट फिरवणारा माणूस लादीवर वाकलेला असतो, वास पहिल्यांदा त्यालाच येतो. माल नासका असला की म्हाताऱ्याची डावी नाकपुडी जराशी वर जायची, ओठ आत ओढले जायचे. चांगला असला की तो लगेच पुढच्या पेटीकडे वळायचा. इतकं सोपं. आजवर एकदाही चूक झाली नव्हती.

आज त्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

दाढीचे पांढरे खुंट वाढलेले, पाय अनवाणी — त्या गारठलेल्या फरशीवर अनवाणी! — आणि डोळे गिरमिटावर, पण गिरमिटाच्या पलीकडे कुठेतरी. गेल्या गुरुवारी हाच माणूस त्याच्या टेबलाशी उभा राहून चार दिवसांची रजा मागत होता. कृष्णनगरला लेक बाळंतपणात अडली आहे, जाऊन येतो. श्यामकांतनं कागदावरून नजर न उचलता नाही म्हटलं होतं. दुसरं काय म्हणणार? शनिवारी बोट, सोमवारी बोट... निवारण नाही म्हणजे नाक नाही. पण हे कुणाला सांगायची सोय होती का? म्हणून तो खेकसला होता, ‘तू काय डॉक्टर आहेस? तू गेल्यानं सुटणार आहे का ती?’ निवारण ‘नाही साहेब’ म्हणून परत फिरला होता.

आज सकाळी दारावरचा दरवान म्हणाला, काल तार आली. लेक गेली. मूलही.

सांत्वनाचे चार शब्द हिंदीत जुळवत श्यामकांत आत आला होता. निवारणनं कांबळ्याचा कोट त्याच्यापुढे धरला, त्यानं बाह्यांत हात घातले, आणि शब्द राहून गेले. राहून गेले कसले — त्यानंच ठेवले. बोललं की रजेचा विषय निघेल.

“दुसरी पेटी,” तो म्हणाला.

दुसरी, तिसरी, चौथी. दर वेळी ते थंड, मुकं लोखंड, आणि समोर तो चेहरा, पुसून ठेवलेल्या पाटीसारखा. पाचव्या पेटीला श्यामकांतच्या कोटाच्या आत घाम फुटला. विचारावं का? ‘कसा वाटतो रे वास?’ एवढंच तर. पण हा प्रश्न ज्यानं सात वर्षांत कुणाला विचारला नाही, त्यानं आज विचारला की उद्या गोदीभर होणार, परवा साहेब डॉक्टरकडे पाठवणार... आणि मग? मराठी शाळेपुरतं इंग्रजी असलेल्या माणसाला या कलकत्त्यात दुसरं कोण विचारतं?

मग त्यानं मालाच्या मालकाकडे पाहिलं. अनंगमोहन साहा दाराशी हात जोडून उभा होता. फाळणीनंतर बरिसालहून आलेला, आई आणि बायकोसह दोन वर्षं सियालदहच्या फलाटावर काढलेला. शहराच्या पूर्वेच्या खाऱ्या तळ्यांवर कोळंबी गोळा करत करत आज पहिल्यांदा त्याच्या स्वतःच्या नावानं तीनशे पेट्या बोटीवर चढायच्या होत्या. इथे एकदा नापास झालेल्याचा माल पुन्हा कुणी शिवत नसे. त्याचा खालचा ओठ थरथरत होता.

घाबरलाय, श्यामकांतला वाटलं. का घाबरलाय? लपवण्यासारखं असल्याशिवाय?... आणि दुसऱ्याच क्षणी त्याला नीट कळत होतं, की पेटीत देवाचा प्रसाद असता तरी हा माणूस असाच थरथरला असता. जे काही होतं ते गमावून आलेला माणूस दुसरं काय करणार. कळत होतं. पण नासका माल पास केला तर तो पलीकडच्या बंदरात उघडा पडतो, आणि मग विचारतात सही कुणाची. नापास केलेल्या मालाची चौकशी कधी होत नाही.

“नापास,” तो म्हणाला. सहाव्या पेटीला हातही न लावता.

अनंगबाबू ओरडला नाही. तो पुढे आला, फुटक्या लादीतून एक कोळंबी त्यानं ओरबाडून काढली आणि तशीच कच्ची, गोठलेली तोंडात घातली. ती दातांखाली करकरली. “पाहा साहेब,” चावत चावत तो मोडक्या हिंदीत म्हणाला, “पहाटेची आहे. माझी आई निवडायला बसली होती.” त्याच ओल्या हातानं त्यानं श्यामकांतची बाही धरली. “एकदा पुन्हा नाकाला लावा. एकदाच.”

श्यामकांतनं निवारणकडे पाहिलं. आता तरी. एक नाकपुडी, एक पापणी, काहीतरी दे... निवारण फडक्यानं गिरमिट पुसत होता. हळूहळू, टोकापर्यंत.

श्यामकांतनं बाही सोडवून घेतली. “माझं नाक खोटं बोलतं असं म्हणायचंय तुम्हांला?” आपला आवाज ऐकून त्याला नवल वाटलं, त्यात जुनी धार होती. अनंगबाबूची मान खाली गेली. आणि ती गोडी — चार महिन्यांनी — पुन्हा जिभेवर आली. चवीला वास लागत नाही तर!

ट्रामनं तो दुपारी घरी आला, वाटभर एकच विचार करत. निवारणनं मुद्दाम केलं का? की त्याला खरंच काही कळलं नाही, लेकीच्या पलीकडचं काहीच? माल नासका होता. असेलच. असायला हवा...

त्याच्या बायकोनं, शकुननं, दार उघडलं. सात वर्षं ती त्याचे गोदीतले कपडे दारातच घेते आणि वेगळ्या बादलीत टाकते. त्यानं सदरा काढून दिला. तिनं तो दोन बोटांत धरला, आणि नेहमीसारखा लांब न धरता तशीच आत निघाली.

“आज पास केलात वाटतं माल,” ती म्हणाली.

“कशावरून?”

“अहो, कशावरून काय? कपड्यांवरून. नापास केलात त्या दिवशी जिन्यातच कळतं मला, पदर नाकाला लावावा लागतो. आज नुसता ओल्या वाळूसारखा वास येतोय. तो काय मला नवा आहे?”

तो उंबऱ्यात उभाच राहिला. तीनशे पेट्या. पहाटेची. म्हातारी निवडायला बसली होती... आता काहीतरी कोसळेल म्हणून त्यानं वाट पाहिली. कोसळलं ते भलतंच: छातीवर चार महिने ठेवलेला धोंडा. सकाळी पेट्या तपासायच्या, लादीचं पाणी रुमालानं टिपून घ्यायचं, दुपारी जेवायला घरी यायचं, सही संध्याकाळी. कोण विचारणार आहे?

“हो,” तो म्हणाला. “पास केला.”

पानावर बसल्यावर त्याला कडकडून भूक लागली. उद्या निवारणला रजा देता येईल, असं त्याच्या मनात आलं. पाहिजे तेवढी. शकुन आमटी वाढायला वाकली, आणि तो तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिला, लग्नानंतर कधी पाहिलं नव्हतं इतकं बारकाईनं.

“काय पाहताय असं?” ती लाजून म्हणाली.

तो तिच्या नाकपुड्या पाहत होता.