देवघरातलं बिऱ्हाड

मुलांनो, डोळे मिटा पाहू. मनातल्या मनात एक स्वयंपाकघर उभं करा. ओट्याशेजारच्या कोपऱ्यात, जमिनीवर ठेवलेलं एक लाकडी देवघर. तुमच्या खांद्याएवढं उंच. त्याला जाळीची दोन इवलीशी दारं. आत पितळेचे देव, काळवंडलेलं निरांजन आणि वाजवली की बराच वेळ कानात रेंगाळणारी घंटा. दिसलं? आता त्या दारांपुढे मांडी घालून बसलेली मुलगी बघा. शाळेत तिचं नाव काहीही असो, घरात तिला टिल्ली म्हणत.

टिल्ली घर लावत होती. देवांना तिनं एका बाजूला घेतलं होतं. मोकळ्या जागेत आईच्या ओढणीचा तुकडा अंथरला, उशाला काडेपेटी ठेवली, जाळीला रुमालाचा पडदा लावला. आईला झोपताना उजेड चालत नसे.

आई गेली तेव्हा टिल्ली आत्याकडे होती. आत्यानं तिला पोटाशी धरून सांगितलं होतं, "तुझी आई देवाघरी गेली गं." टिल्ली रडली नाही. देवाघरी म्हणजे देवघरात, एवढं तिला कळत होतं. घरी परतल्यावर ती तडक स्वयंपाकघरात गेली. दारं बंद होती. आत धूळ, अंधार आणि कोळ्याचं जाळं. आईची केवढी आबाळ!

तेव्हापासून शाळा सुटली की ती इथं बसे. वर्गात काय झालं, कोण कट्टी झालं, सगळं आत सांगे. आतून उत्तर येत नसे. दमली असेल, असं टिल्ली म्हणे.

बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. अंगाला ग्रीसचा वास घेऊन यायचे, उभ्याउभ्याच जेवायचे आणि टीव्ही लावून खिडकीकडे बघत बसायचे. "जेवलीस?" "हो." संपलं बोलणं.

मग एका सुट्टीच्या दिवशी आत्या आली, आणि मागोमाग एक सुतारकाका. आत्या दुकानांच्या काचा सजवायची, त्यामुळे कुठल्याही घरात शिरली की तिचे हात शिवशिवत.

"दादा, किती दिवस हे देवघर असं बंद ठेवणार?" ती म्हणाली. "हे सुतारकाका नेतायत. त्यांच्या ओळखीत एका घरी हवंय. आणि इथं बघ काय लावणार आहे मी!" तिनं खोक्यातून डोळे मिटून हसणारी एक मूर्ती काढली, मग रंग बदलणारं कारंजं. "बघितलं की कसं शांत शांत वाटतं."

"याला वायर केवढी लांब आहे," बाबा म्हणाले. "शांततेला प्लग कुठे देऊ?"

"कर तू थट्टा. घराला अवकळा आलीये नुसती."

सुतारकाकांनी देवघर भिंतीपासून पुढे ओढलं. आत घंटा किणकिणली. टिल्ली धावत येऊन दारांना पाठ लावून उभी राहिली.

"नाही न्यायचं! आत आई आहे!"

"काय बोलतेय ही?" आत्या म्हणाली.

"तूच म्हणालीस! देवाघरी गेली म्हणून!"

आत्याच्या हातातली मूर्ती तशीच राहिली. सुतारकाका उगाचच आपली पट्टी उलगडू लागले. बाबा टिल्लीसमोर गुडघ्यांवर बसले.

"टिल्ले, ते देवाचं घर वेगळं. लांबचं."

"किती लांब?"

"मला नाही माहीत."

"लिफ्ट जाते?"

"नाही गं राजा."

"मग इथं कोण होतं?"

"कुणी नव्हतं."

"मी रोज बोलायचे ते?"

"मी तुला सांगायला हवं होतं," बाबा म्हणाले, "पण माझ्याच्यानं बोलवेना." मग सुतारकाकांकडे वळून म्हणाले, "राहू दे इथंच. नका नेऊ."

टिल्लीनं दारं उघडली. खूप वेळ आत बघितलं. मग ओढणी, काडेपेटी, रुमाल एकेक करून बाहेर काढलं आणि देवांना नीट मधे ठेवलं.

"न्या," ती सुतारकाकांना म्हणाली. "त्या घरी लागतंय ना? मग न्या."

"अगं, नक्की?" आत्या हळूच म्हणाली. टिल्लीनं मान डोलावली.

देवघर जिना उतरून गेलं. आत्यानं मूर्ती आणि कारंजं परत खोक्यात भरलं. खोकं काखोटीला मारून तीही सुतारकाकांच्या मागे गेली. कोपऱ्यात फरशीचा एक चौकोन उरला, बाकीच्या फरशीपेक्षा उजळ. टिल्ली त्यात जाऊन बसली. गुडघे छातीशी घेतले की ती त्यात बरोबर मावत होती. तिथून आख्खं स्वयंपाकघर मोठं आणि रिकामं दिसत होतं.

बाबा दारात उभे होते. आत यावं की जावं, ते त्यांना कळत नव्हतं.

मग टिल्लीनं काय केलं? ती भिंतीकडे सरकली, आणखी थोडी सरकली, आणि शेजारच्या फरशीवरची धूळ तिनं हातानं झाडून काढली.