मावशीच्या आवाजाची बटणं

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंचा आवाज बसला, तेव्हा शेजारच्या चष्मेवाल्याला वाटलं की दवाखानाच बंद पडला. बाईंचा आवाजच तसा होता. कोणत्या कुत्र्याला जंत झालेत, ते चष्मेवाल्याला भिंतीपलीकडे बसून कळायचं. आता घशाच्या डॉक्टरांनी बाईंना तंबी दिली होती : आठवडाभर एक शब्द नाही, कुजबुजसुद्धा नाही. त्यातच मदतनीस बाई बाळंतपणाच्या रजेवर. राहता राहिली भाची.

भाची सुट्टीला आलेली, कॉलेजात जाणारी, गुणी पोर. फिस्कारणाऱ्या बोक्याची नखं कापताना तिचा हात हलत नसे. पुढे मावशीसारखं प्राण्यांचंच डॉक्टर व्हायचं, असं तिनं ठरवूनही टाकलं होतं. खोड एकच. फोन म्हणजे तिचा जीव की प्राण, पण तो वाजला की अंगावर पाल पडल्यासारखी दचकायची. वाजून वाजून थकू द्यायची आणि मग लिहायची, ‘फोन केला होतास का?’ भूक लागली तर पलीकडच्या खोलीतल्या मावशीला तेही लिहूनच कळवायची.

“आमच्या वेळी अंगठेबहाद्दर म्हणजे न शिकलेला माणूस,” आवाज होता तेव्हा मावशी म्हणायची. “आता शिकलेलेच जास्त झालेत. अगं, माणसं फोनवर चावतात का?”

“विचार करायला वेळच देत नाहीत गं मावशी. लिहिताना कसं, चुकलं तर खोडता येतं.”

मावशीला हीच काळजी होती. ही पोर उद्या या खुर्चीत बसणार, आणि समोर कुणाचा जीव घाबराघुबरा झालेला असताना फोनकडे बघत बसणार? म्हणून आवाज गेल्यावर तिनं पाटीवर लिहिलं, ‘फोन तू घ्यायचे.’ शेवटी दोन उद्गारचिन्हं दिली.

भाचीचा चेहरा पडला. मग एकदम उजळला. पोरगी अशी उजळली की मावशी सावध व्हायची.

झालं होतं असं, की मावशीला टाइप करणं म्हणजे मुंग्या मोजण्यासारखं वाटे. त्यामुळे गेली कित्येक वर्षं ती भाचीला बोलूनच निरोप पाठवायची. ते सगळे भाचीच्या मोबाइलमध्ये पडून होते. भाचीनं त्यातले तुकडे कापले आणि एकेकाचं बटण केलं. ‘बोला’, ‘हो का?’, ‘कधीपासून?’, ‘घेऊन या’, ‘धीर’. टेबलावरच्या फोनचा स्पीकर लावायचा, मोबाइल त्याच्याजवळ धरायचा आणि दाबायचं बटण.

मावशीनं पाटीवर ‘मूर्ख’ लिहिलं. तेवढ्यात फोन वाजला.

“बाई, आमचा पोपट बोलेनासा झालाय हो!”

‘हो का?’

“हो ना! नुसता बघत बसतो.”

‘कधीपासून?’

“पाहुणे येऊन गेल्यापासून.”

‘घेऊन या.’

“बरं झालं तुमच्याशी बोलले!” म्हणत त्या बाईंनी फोन ठेवला. भाचीनं कॉलर ताठ केली. मावशी तोंड दाबून हसली. मग तिला जरा वाईटही वाटलं. आपलं बोलणं पाच बटणांत मावतं, आणि कुणाला फरकसुद्धा कळत नाही?

भाचीची भीड चेपली. तिनं बटणं वाढवली आणि घोळही वाढले. कुत्रा सोफा खातो, म्हणून एक तरुण रडकुंडीला आला होता. त्याला मावशीच्या आवाजात उत्तर गेलं, ‘खाऊ दे गं, दोन घास जास्त गेले तर काय बिघडतं?’ मग तो म्हणाला, “बरं.” मावशीनं कपाळावर हात मारला आणि त्याचा नंबर पाटीवर लिहून भाचीपुढे धरला. भाचीनं त्याला ताबडतोब लांबलचक माफीपत्र लिहून पाठवलं. बोलली मात्र नाही.

दुपारी मावशी एका कुत्र्याच्या मोडक्या पायाला प्लास्टर घालत होती. दोन्ही हात कोपरापर्यंत लडबडलेले. तेव्हा पुन्हा फोन आला.

“मी शिंपी बोलतोय, पुलापलीकडचा. दवाखान्याच्या पाटीवरून नंबर टिपून ठेवला होता तुमचा. माझ्या मांजरीनं दोरा गिळला हो!” म्हाताऱ्याचा आवाज कापत होता. “नुसताच दोरा, सुई नाही. टोक तोंडातून लोंबतंय. हातात धरलंय मी. ओढू का?”

मावशी प्लास्टर सोडून गर्रकन वळली. दोरा आत कुठे अडकलाय ते कळत नाही. जिभेखाली वेढा बसलेला असतो, खाली आतडं असतं. ओढला तर करवतीसारखा कापत जातो. तिनं मान जोरजोरात हलवली. पण भाचीची नजर मोबाइलवर होती. म्हातारा घाबरलाय, आधी धीर द्यावा, असं तिला वाटलं. तिनं ‘धीर’ दाबलं.

‘काही होत नाही’ एवढंच त्यात असायला हवं होतं. पण तो निरोप होता दवाखान्याचं शटर अडकलं होतं त्या दिवशीचा, आणि घाईत कापताना त्याआधीचे शब्द तसेच राहिले होते. मावशीचा खणखणीत आवाज दवाखान्यात घुमला, “ओढ! जोरात ओढ! काही होत नाही!”

मावशीनं तोंड उघडलं. आतून फुग्यातली हवा सुटावी तशी नुसती शिट्टी आली.

“नाही!” भाची किंचाळली. मोबाइल हातातून पडला. “नाही काका, ओढू नका! सोडा, सोडा तो दोरा! ऐकताय ना? ते... ते चुकून... ओढलात तर कापेल आतून! कापू पण नका. काही खायला देऊ नका. तशीच उचला, टॉवेलमध्ये गुंडाळा आणि या. काका? सोडलात का?”

पलीकडे नुसता श्वास.

“काका, बोला ना हो!”

“सोडला,” शिंपी म्हणाला.

रिक्षातून येईपर्यंत भाचीनं त्याला फोन ठेवू दिला नाही. कुठवर आलात, मांजर काय करतेय, डोळे उघडे आहेत का, सिग्नल लागला का, एवढंच काय, मांजरीचं नाव काय इथपासून ती कुणावर गेलीये इथपर्यंत सगळं विचारून झालं. चष्मेवाला दारात येऊन बघून गेला. त्याला वाटलं, बाईंचा आवाज परतला.

गुंगीचं औषध देऊन मावशीनं मांजरीची जीभ उचलली. वेढा तिथेच होता. गिळलेलं टोक अजून गळ्यातच होतं. वेढा कापला, दोरा अलगद बाहेर आला. निळा, वीतभर. भाचीनं उजेड धरला होता. आता तिचा हात हलत होता.

बाहेर बाकावर शिंपी टोपी चुरगाळत बसला होता. मांजर ठीक आहे असं कळल्यावर त्यानं आधी डोळे पुसले, मग प्रश्न विचारला.

“पोरी, फोनवर दोघीजणी होत्या ना? एक म्हणत होती ओढ, दुसरी म्हणत होती नको.”

भाचीचे कान लाल झाले. “मग... तुम्ही माझंच कसं ऐकलंत?”

“ती पहिली कशी, ठसक्यात बोलत होती. तिला काही पडलेली नव्हती. तू घाबरली होतीस. म्हटलं, हिला माझ्या मांजरीची काळजी आहे.”

तेवढ्यात मावशी हात पुसत बाहेर आली. शिंप्यानं तिला हात जोडले. “बाई, तुमचे उपकार. पण एक सांगू? ती जी ओढ-ओढ म्हणून ओरडत होती ना, तिला आधी कामावरून काढून टाका.”

मावशीनं तावातावानं तोंड उघडलं.

“मावशी,” भाची घाईघाईनं म्हणाली, “डॉक्टरांनी काय सांगितलंय? एक शब्द नाही.”