करार संपलेली पवनचक्की

मित्रांनो, मी एक जुनी पवनचक्की आहे. माण तालुक्याच्या उघड्या पठारावर मी बावीस वर्षं उभी आहे. माझी तिन्ही पाती लांबलचक ट्रेलरवरून घाट चढून आली, तेव्हा सगळी वाडी बघायला लोटली होती. हा माळ अर्जुनाच्या मेंढरांचा. त्याने तो दिला आणि मला उभारणाऱ्या कंपनीने त्यालाच माझा राखणदार नेमलं.

आषाढात वारा सुटला की मला दम घ्यायला फुरसत नसे. माझी वीज तारांवरून लांब कराडकडे जाई. साहेब लोक पाहुण्यांना कौतुकाने मला दाखवत. अर्जुना मात्र माझ्या आवाजावरून दुखणं ओळखी. "वंगण मागतीया ती," तो म्हणे, आणि ते खरं असे.

सरकारने माझी वीज वीस वर्षं घ्यायचा करार केला होता. तो संपला. नवा नियम आला, की जुनी चक्की काढा, मोठी बसवा, तरच वीज घेऊ. कंपनीला ते नको होतं. एका दुपारी माणसं आली, त्यांनी पात्यांना ब्रेक लावला आणि निघून गेली. तेव्हा वारा चांगला वाहत होता.

त्याच उन्हाळ्यात वाडीचा पाण्याचा पंप बंद पडू लागला. वीज दिवसाला तास-दोन तास येई, तीही मिणमिणती. अर्जुनाची बायको धोंडुबाई खालच्या खडकाळ विहिरीवरून डोक्यावर पाणी आणी. एकदा ती माझ्या सावलीत टेकली आणि म्हणाली, "आवं, ही एवढी धडधाकट हाय. हिची वीज आपल्या पंपाला का देत न्हाईत?"

शेवटच्या तपासणीला आलेल्या राजेश्वरी या तरुण इंजिनिअरने ते ऐकलं. "मावशी, देता येईल. पण परवानगी लागेल," ती म्हणाली. तिने मोजमापं घेतली, ग्रामपंचायतीचा अर्ज स्वतः लिहून दिला.

अर्ज घेऊन अर्जुना एसटीने हेलपाटे घालू लागला. एक कचेरी म्हणे, हा जुन्या यंत्रांचा विषय. दुसरी म्हणे, नव्या धोरणाचा. पाचव्या खेपेला एक साहेब हळहळून म्हणाले, "बाबा, मला पटतंय. पण नियमात याला रकानाच नाही."

संध्याकाळी माझ्या पायथ्याशी अर्जुनाने ते बायकोला सांगितलं.

"रकाना म्हंजी?" तिने विचारलं.

"कागदावरलं घर, धोंडे. तितं आपल्याला जागा न्हाई."

पुढच्या वैशाखात धोंडुबाई विहिरीच्या पायऱ्यांवरून घागरीसकट घसरली. कंबर मोडली. ती पुन्हा उभी राहिली नाही. अर्जुनाने मेंढरं विकली आणि तिला घेऊन सांगलीला लेकीकडे, सोनमकडे गेला. जाताना त्याने माझ्या दाराची कडी ओढून बघितली.

मागोमाग माझ्या दारावर एक कागद चिकटला. मला तोडण्याची परवानगी मिळाली होती. कंपनीचा तो अर्ज आठ दिवसांत मंजूर झाला.

मित्रांनो, गंजाचं मला दुःख नाही, लोखंड गंजणारच. पण मी चालू शकत होते, आणि पायथ्याशी माणसं तहानलेली होती. उद्या तुमच्यातलं कुणी नियम लिहायला बसलं, तर आधी एकदा माळावर या. विहिरीच्या त्या पायऱ्या उतरून बघा. कुणी येईल असं मला आता वाटत नाही.

खाली क्रेन येऊन दोन दिवस झाले. वारा पडल्याशिवाय मला उतरवता येत नाही, म्हणून माणसं वाट बघत बसली आहेत.